बिनतेलाचे चिप्स

माझ्या बायकोला मी बटाट्याचे चिप्स खाऊ घालून मारलं, असं मी म्हटलं की तृप्ती चिडते. तृप्ती माझी मुलगी, इंदूरला बँकेत नोकरी करते. ती म्हणते, बाबा, असं कुणासमोर बोलत जाऊ नका, लोकांना भलतंच काहीतरी वाटतं. वाटू दे. दवाखान्यानं जो कागद दिला त्यावर लांबलचक इंग्रजी नावं आहेत आणि चिप्सचा उल्लेख कुठेच नाही. पण मी आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलेला माणूस आहे. कशानं काय झालं, एवढं मला कळतं. उशिरा कळलं, हा भाग वेगळा.

नेपानगरच्या कागद कारखान्यात मी एकतीस वर्षं लॅबमध्ये होतो. रोज सकाळी बुऱ्हाणपूरहून गाडीनं जायचं, कागदाचे तुकडे कापायचे, तोलायचे, भट्टीत वाळवायचे, पुन्हा तोलायचे. कागदात पाणी किती, जाडी किती, ताण किती सोसतो, हे सांगणं माझं काम. अशा कामाचा माणूस घरातही मापाशिवाय बोलत नाही. चहात साखर जास्त झाली तर मी किती चमचे जास्त झाली तेही सांगायचो. कोकिळा, माझी बायको, ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच साखर पुन्हा घालायची. स्वयंपाकघरात मी जायचो तो फक्त चुका काढायला. छत्तीस वर्षं आमचा संसार असाच चालला आणि तो चांगला चालला आहे, असं माझं ठाम मत होतं.

मग एका वर्षी दिवाळीनंतर माझ्या छातीत दुखायला लागलं. जळगावला नेलं. हृदयाच्या दोन नळ्या तुंबल्या होत्या, त्यांत जाळ्या बसवल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी तळलेलं जन्मभर बंद असं सांगितलं, आणि माझा जीव तिथेच अर्धा झाला. आमच्या इतवाऱ्यात गल्लीच्या तोंडाशीच केळीच्या चिप्सची कढई लागते. संध्याकाळी तिचा वास थेट घरात येतो. रिटायर झाल्यापासून चहाबरोबर बशीभर चिप्स हे माझं एकच व्यसन होतं, आणि तेच काढून घेतलं.

मी महिनाभर घरात भांडत होतो. शेवटी तृप्तीनं कंटाळून एक छोटा ओव्हन पाठवून दिला आणि मोबाइलवर एक व्हिडिओ. तळायचे नाहीत, भाजायचे, तेल नावाला. केळीचे करून पाहिले, ते इतके टणक झाले की मोडायला दात पुरेनात. मग बटाट्याकडे वळलो.

बटाट्याचं मला जमलं, आणि ते कसं जमलं हे सांगताना अजूनही माझा आवाज चढतो, याची मला लाज वाटते. चकत्या सगळ्या एका जाडीच्या हव्यात. एक पातळ आणि एक जाड झाली की एक जळते आणि दुसरी कच्ची राहते. कापल्या की थंड पाण्यात टाकायच्या, पाणी पांढरं होतं ते फेकायचं, पुन्हा टाकायच्या. मग पंच्यावर पसरून कोरड्या टिपायच्या. लोक इथेच घाई करतात. ओल्या चकत्या भट्टीत टाकल्या तर त्या आधी उकडतात आणि मग भाजतात, आणि मऊ पडतात. कागदाचंही असंच असतं. पाणी आधी काढा, मग आच द्या. एका ट्रेला एक चमचा तेल, बोटानं लावायचं. मधे एकदा उलटायच्या. कडा तांबूस झाल्या की ओव्हन बंद करून दार थोडं उघडं ठेवायचं आणि चकत्या आतच निवू द्यायच्या. सातव्या दिवशी पहिली चकती कुडकुडीत मोडली. त्या आवाजानं कोकिळा बाहेरच्या खोलीतून आत आली आणि हसायला लागली.

मी तिला एक दिली. तिनं खाल्ली, दुसरी मागितली. माझ्या हातचं काही तिनं खाण्याची ती पहिली वेळ होती.

आता कोकिळेच्या उपासांविषयी सांगितलं पाहिजे. मी जळगावला आत टेबलावर होतो तेव्हा तिनं बाहेर बसून देवीला बोलून टाकलं होतं. माझं हृदय नीट चालू दे, मी वर्षभर सोमवार धरीन, दोन्ही एकादश्या धरीन, आणि चैत्रातलं नवरात्र नऊ दिवस करीन. गुरुवार ती आधीपासूनच करायची. म्हणजे आठवड्याचे दोन दिवस ठरलेले आणि वर एकादशी आली तर तीन. मला हे कळलं तेव्हा मी तिला बोललो. जाळ्या डॉक्टरनं बसवल्या आणि उपास देवीचे, हा कुठला न्याय, असं म्हणालो. ती म्हणाली, डॉक्टरले त्याचे पैसे देले ना, मंग देवीले काही नको का? खरं सांगायचं तर मला ते आवडलंही होतं. माझ्यासाठी कुणी उपाशी राहतं आहे, हे कुठल्या माणसाला आवडत नाही.

तिला आठ वर्षांपासून शुगर होती. शुगर निघाली त्या दिवशी तिनं गोड सोडलं. बुऱ्हाणपुरात राहून मावा जिलेबी सोडणं सोपं नाही, पण तिनं एका दिवसात सोडली आणि पुन्हा कधी तिचं नावही काढलं नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी. गोळ्या दर महिन्याला मी स्वतः आणायचो. गोड खात नाही आणि गोळी घेते, तेव्हा शुगरचा विषय संपला, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरून टाकलं होतं. बटाटा कुठे गोड असतो?

उपासाला ती साबुदाण्याची खिचडी करायची, शेंगदाण्याचा कूट आणि ढीगभर तूप घालून. कधी बाजारातले तळलेले बटाट्याचे चिप्स. मी हृदयाचा पेशंट, तेल-तूप पाहिलं की माझं डोकं फिरायचं. तुझ्याही नळ्या तुंबतील, असं मी तिला सांगितलं. आणि मग मला सुचलं की बिनतेलाचे चिप्स उपासाला चालतात. बटाटा चालतो, सैंधव चालतं, शेंगदाण्याचं तेल चालतं. पुढच्या सोमवारी मी पहाटेच उठून दोन ट्रे भाजले आणि ती पूजा करून आली तेव्हा तिच्यापुढे ताट ठेवलं.

ती ताटाकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, तुमी केले, माझ्याकरता? मी म्हटलं, नाहीतर काय देवीकरता? ती बसली आणि सगळे खाल्ले. शेवटचा चुराही तिनं बोटानं टिपून खाल्ला.

त्यानंतर हे आमचं ठरूनच गेलं. तिचा उपास म्हणजे माझे चिप्स. सकाळी एक ताट, संध्याकाळी एक ताट. उपासाच्या एका दिवसाला अर्धा किलो बटाटे लागायचे. मी वहीत जाडी, तापमान, वेळ लिहून ठेवायचो. कधी जिरेपूड, कधी लिंबू, कधी हिरव्या मिरचीचं पाणी. शेजारच्या मालूबाई कोकिळेच्या उपासाच्या जोडीदारीण, दोघी एकत्र देवळात जायच्या. त्यांनाही मी डबा भरून द्यायचो. गल्लीत मला चिप्सवाले महाजन म्हणायला लागले. एकतीस वर्षं कारखान्यात कुणी माझ्या कामाचं एवढं कौतुक केलं नव्हतं. मी भेटेल त्याला बिनतेलाच्या खाण्यावर व्याख्यान द्यायचो, आणि त्या व्याख्यानात कोकिळेचं उदाहरण असायचं.

कारण कोकिळा बारीक होत चालली होती. संक्रांतीपासून तिचे ब्लाउज सैल व्हायला लागले. होळीपर्यंत बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी वजनकाट्यावर तिला उभं केलं, सात किलो उतरली होती. सात किलो, तेही या वयात, व्यायाम न करता. मी आकडा वहीत लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि तृप्तीला फोन करून सांगितला.

ती पाणीही भरपूर प्यायला लागली होती. पूर्वी मी तिला सांगून सांगून थकलो होतो की पाणी पीत जा. आता ती तांब्या उशाशी घेऊन झोपायची. मार्चमध्ये आमच्याकडे ऊन तापायला लागतं, तेव्हा त्यातही मला काही वावगं दिसलं नाही. तापमान, वजन, पाणी, सगळं मी पाहत होतो. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

होळीला तृप्ती आली. आईला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती मला बाजूला घेऊन म्हणाली की आई फार थकलेली दिसते, तिची शुगर कब से चेक नाही केली? मी तिला झापलं. गोळ्या मी स्वतः आणतो, म्हणालो, आणि बारीक होणं म्हणजे आजारपण नव्हे, तुम्हा पोरींना निरोगी माणूस कसा दिसतो तेच माहीत नाही. तरी तिनं हट्ट धरला म्हणून मी कोकिळेला तपासणीला चल म्हटलं. कोकिळा म्हणाली, ते जेवणाआधी एकदा रक्त घेतात आणि जेवण करून पुन्हा घेतात. आता नवरात्र तोंडावर आलंय. नऊ दिवस जेवणच नाही, तर जेवणानंतरचं रक्त कसं देणार? नवरात्र झालं की जाऊ. मला ते पटलं. तपासणी अर्धवट करण्यात अर्थ नसतो, हे मीच तृप्तीला समजावून सांगितलं आणि तिला इंदूरच्या गाडीत बसवून दिलं.

चैत्राचं नवरात्र लागलं. पहिल्या दिवशी तिनं घट बसवला, मी तीन किलो बटाटे आणले. पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी ती दुपारी झोपली, तिला संध्याकाळी मीच उठवलं. तळपाय जळतात म्हणाली. मी तिच्या पायांना थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या, आणि संध्याकाळी तिला आवडतात म्हणून चिप्सवर लिंबू जास्त पिळलं. तिनं चार-पाचच खाल्ले. मी रागावलो. एवढं उभं राहून करायचं आणि तू टाकून द्यायचं, असं म्हणालो. मग तिनं ताट पुन्हा जवळ ओढलं आणि एकेक करून सगळे संपवले, पाण्याच्या घोटाबरोबर.

सातव्या दिवशी सकाळी तिला उठवता येईना. डोळे उघडायची, माझ्याकडे बघायची, आणि बोलायची ते मला समजत नव्हतं. जीभ कोरडी लाकडासारखी झाली होती. मालूबाईंना हाक मारली, त्यांनी आणि मी मिळून तिला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं.

तिथल्या सिस्टरनं तिच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब त्या छोट्या मशीनला लावला. मशीनवर आकडा आला नाही. तिनं दुसऱ्या बोटाला टोचलं. पुन्हा आकडा नाही, नुसती दोन अक्षरं. मी म्हणालो, मशीन बिघडलंय तुमचं. सिस्टर म्हणाली, मशीन नाही बिघडलं काका, शुगर मशीनच्या वर गेलीय. एकतीस वर्षं मी मापाच्या यंत्रांपुढे बसलो, पण यंत्राला मोजता येत नाही एवढं काही माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला विचारलं की गोळ्या चालू आहेत का. मी ताठ मानेनं सांगितलं, रोज दोन, महिन्याच्या महिन्याला मी आणतो. त्यांनी सलाईन लावलं, औषधं घातली. संध्याकाळपर्यंत कोकिळा थोडी शुद्धीवर आली. डॉक्टर तिच्यापाशी वाकले आणि त्यांनी तिलाच विचारलं, काकू, सकाळची गोळी शेवटची कधी घेतली?

ती त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. जणू हे मलाच विचारलं पाहिजे होतं.

"नवरात्र बसल्यापासून नई घेतली," ती म्हणाली. "उपासाले गोयी कशी घेऊ? तुमीच त म्हनले होते ना, जेवल्याबिगर गोयीले हात लावाचा नई."

मी म्हणालो होतो. पाच वर्षं झाली असतील. एकदा तिनं सकाळी गोळी घेतली आणि पाहुणे आले म्हणून जेवायचं राहिलं. तिला घाम सुटला, हात थरथरायला लागले, ओट्याला धरून ती खाली बसली. साखर घातलेलं पाणी पाजलं तेव्हा ती सावरली. त्या दिवशी मी फार घाबरलो होतो, आणि मला घाबरलेलं दाखवता येत नाही, म्हणून मी पाहुण्यांसमोर ओरडलो होतो. अक्कल आहे की नाही, जेवल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही, समजलं? ती हो म्हणाली होती. तिनं ते पाळलं. फराळ म्हणजे जेवण नव्हे, हे तर तिला लहानपणापासून ठाऊक होतं. भात-पोळी पोटात गेली तर ते जेवण. बाकी सगळं उपाशी.

उपासाला ती काय खायची ते मी सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ते मला म्हणाले की अर्धा किलो बटाटे पोटात गेले तर माणूस उपाशी कुठे राहिला? हे तर भातापेक्षा जास्त झालं. चिप्स कशात तळले, हे त्यांनी विचारलंच नाही. मीच सांगितलं, तेल नव्हतं हो, मी भाजले होते, एका ट्रेला एक चमचा तेल. त्यांना माझ्या बोलण्याचा अर्थ कळेना. मग त्यांनी मला समजावलं. बटाटा पोटात गेला की त्याची साखरच होते. तळला काय, भाजला काय, साखर तेवढीच. चार-पाच महिने आठवड्याचे दोन-तीन दिवस आणि आता सलग सात दिवस, गोळी नाही आणि बटाटा भरपूर. वजन उतरलं ते शुगर अंग खात होती म्हणून. तहान लागायची तीही त्यानंच. ते हळू आवाजात, सभ्यपणे बोलत होते. मला वाटत होतं त्यांनी माझ्या थोबाडीत मारावी.

घरी जाऊन मी तिची गोळ्यांची पेटी पाहिली. तळाशी गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, अर्ध्या फोडलेल्या, रबरानं बांधून नीट ठेवलेल्या. मी महिन्याला नवीन आणायचो आणि उपासाच्या दिवसांच्या उरलेल्या ती जपून ठेवायची. कधी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तिनं माझ्यापासून काहीच लपवलं नव्हतं.

आठव्या दिवशी ती थोडं बोलली. तिला एकच काळजी होती. हाताला सुई होती, नळीतून पाणी शरीरात जात होतं, आणि तिनं मला विचारलं की यानं उपास मोडतो का. मी म्हणालो, नाही मोडत, हे पाणीच आहे. तिला बरं वाटलं. मग तिनं विचारलं, तुमी खाल्लं का काही? मी म्हणालो, खाल्लं. खोटं बोललो. मला तिला खूप काही सांगायचं होतं. माझं चुकलं म्हणायचं होतं, एवढंच, पण ते छत्तीस वर्षांत कधी म्हटलेलं नव्हतं आणि सवय नसली की शब्द तोंडाशी येत नाही. मी म्हणालो, नवरात्र झालं की आपण तपासणी करून घेऊ. ती हो म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

वाढलेल्या शुगरनं अंगात जंतुसंसर्ग झाला होता, तो रात्रीत रक्तात पसरला, मूत्रपिंडं थांबली. तृप्ती पहाटे पोहोचली. नवमीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला कोकिळा गेली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. माणसं येत होती, बसत होती, जात होती. सगळे म्हणायचे, सवाष्ण गेली, नवमीला गेली, पुण्यवान बाई. मी उठून आत जायचो. ओव्हन तृप्तीनं कुणाला तरी देऊन टाकला, मला न विचारता. बरं केलं.

महिन्यानं मालूबाई आल्या. मी त्यांना म्हणालो, तुम्ही तिच्या जोडीला असायच्या, तुमच्याशी कधी बोलली का की तिला ते चिप्स नको व्हायचे? माझी आशा अशी होती की त्या नाही म्हणतील. मालूबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"भाऊ, खोटं काहाले सांगू. कंटाळली होती ते. बटाट्याचं नाव काढलं की तिले मळमळे," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, मंग नई म्हन ना. त म्हने, मालूताई, इतक्या वर्सांत पहिल्यांदा ते माझ्याकरता चुलीपाशी उभे रायले. मी नई कशी म्हनू?"

त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं रडलो. तृप्ती धावत आली. तिला वाटलं माझ्या छातीत दुखतंय.

त्या भीतीनं ती मला जळगावला घेऊन गेली. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफीसारखी ती हृदयाची तपासणी केली, जुने कागद नव्या कागदांशेजारी ठेवले. आणि ते खूश झाले. हृदयाची ताकद वाढली आहे, जाळ्या उत्तम आहेत, असा पेशंट विरळा, असं म्हणाले. काय करता तुम्ही, असं त्यांनी मला विचारलं. तृप्ती खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणालो, बिनतेलाचं खातो.

त्या दिवशी उठून जाताना मालूबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी तृप्तीला सांगितली नव्हती. कोकिळेचा नवस उपासांवर संपत नव्हता. वर्षभरात माझं हृदय नीट झालं तर मला इच्छापूरला नेऊन इच्छादेवीच्या पायऱ्या माझ्याच पायांनी चढायला लावीन, न थांबता, असं ती बोलली होती. मला सांगितलं तर मी वाद घालीन, म्हणून सांगितलं नव्हतं. बोललेलं फेडायचं राहू नये भाऊ, असं मालूबाई म्हणाल्या होत्या. मी मानणारा माणूस नाही. पण तिचं काहीतरी पुरं करायचं माझ्या हातात एवढंच उरलं होतं.

जळगावहून परतीच्या वाटेवर इच्छापूर लागतं. मी तृप्तीला गाडी थांबवायला सांगितली आणि कारण सांगितलं. ती म्हणाली, बाबा, धूप बहुत आहे, हळू चढा, मी सोबत येते. मी तिला खाली थांबवलं.

मी पायऱ्या चढायला लागलो. ऊन भर होतं, दगड चपलेतून भाजत होते. बायका मधल्या सावलीत बसून दम खात होत्या. माझ्याहून तरुण माणसं गुडघे धरून उभी होती. मी कुठे थांबलो नाही. मला वाटत होतं, आता छातीत कळ येईल, आता श्वास अडकेल, मग मला खाली बसता येईल आणि देवीला सांगता येईल की बघ, तुझ्याकडून झालं नाही, तेव्हा हा व्यवहार मोडला, ती मला परत दे. मी मुद्दाम भरभर चढलो. घामानं शर्ट पाठीला चिकटला. श्वास सरळ चालला होता. वर पोहोचलो तरी सरळच चालला होता.

गाभाऱ्यात गर्दी नव्हती. खालच्या दुकानातून घेतलेला नारळ मी पुजाऱ्यापुढे धरला. त्यानं नवस कुणाचा ते विचारलं. मी सांगितलं, कोकिळा शालिग्राम महाजन. त्यानं माझ्या मागे पाहिलं, मग बाई कुठे आहेत ते विचारलं नाही. रोजच्या सवयीनं नारळ हातात तोलत त्यानं एवढंच विचारलं, "पावला का?"

त्यानं विचारलं म्हणून उत्तर द्यावं लागलं. मी म्हणालो, "पावला."